कंट्रोलबाईंचं बोट

एचआयव्ही तपासणी केंद्रात रोज सकाळी पहिलं रक्त निघायचं ते तपासणाऱ्या बाईंचंच. कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, टेबल स्पिरिटने पुसायचं, आणि डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचून एक थेंब पट्टीवर सोडायचा. किट नीट चालतंय की नाही हे बघायला रोज एक नक्की निरोगी रक्ताचा नमुना लागतो. त्याला कंट्रोल म्हणतात. त्या रक्तावर पट्टीत एकच रेघ उठली तर किट शुद्धीवर आहे. दोन उठल्या तर किटाचं डोकं फिरलंय, आणि त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. पूर्वी हा नमुना वरून बाटलीत यायचा. नऊ वर्षांपूर्वी तो यायचा बंद झाला. बाईंनी तीन पत्रं लिहिली, डॉक्टरांनी दोन फोन केले, आणि वरच्या कचेरीने नेहमीप्रमाणे कानावर हात ठेवले. "तुम्ही आहात की धडधाकट," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "घ्या चालवून तात्पुरतं." तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं जन्माला पुरतं, हे सरकारी नोकरीत कुणाला सांगावं लागत नाही.

अशी नऊ वर्षं गेली. सुट्ट्या वगळल्या तरी अडीच हजारांवर थेंब झाले, आणि वहीत प्रत्येक तारखेपुढे बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कंट्रोल, एक रेघ. केंद्रात त्यांचं नाव कंट्रोलबाई पडलं. सिस्टर तर येताजाता चिडवायच्या. "बाईंचं रक्त म्हणजे धुतल्या तांदळासारखं. रिटायर व्हायच्या आधी एक बरणी भरून ठेवून जा म्हणावं." बाई हसायच्या. खरं सांगायचं तर त्यांना त्याचा जरा ताठाही होता. समोर बसून थरथरणाऱ्या माणसाशी त्या कधी वावगं बोलल्या नाहीत, उलट 'आजार कुणालाही होऊ शकतो' हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणायच्या, आणि मनापासून म्हणायच्या. पण त्या 'कुणालाही'मध्ये त्या स्वतःला धरत नव्हत्या. कोण धरतं?

एका सोमवारी केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर एक बाई बसलेली होती. पिशव्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, आठवा महिना लागला होता, आणि साडेनऊला कारखान्याचं फाटक बंद व्हायचं. बाळंतपणाच्या कार्डावर ही तपासणी झाल्याचा शिक्का लागतो म्हणून ती आली होती. एरवी बाई आधी आपली पट्टी लावायच्या, वीस मिनिटं थांबायच्या, निकाल वहीत लिहायच्या आणि मगच पहिल्या माणसाला हात लावायच्या. त्या दिवशी तिची घाई बघून त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. नियम मोडला, पण माणुसकीने मोडला, आणि असे नियम त्या अधूनमधून मोडायच्या.

वीस मिनिटं ती शिलाईवाली बोलत होती. ह्याआधी दोनदा राहिलं आणि गेलं, म्हणाली. ह्या वेळी सासूने पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नाही, म्हणाली. मग बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली.

"दोन रेघा म्हणजे वाईट ना हो, बाई?"

बाईंनी पाहिलं. तिच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. शेजारी आपल्या पट्टीवर पाहिलं, तिथेही दोन होत्या. आणि बाईंना काय वाटलं असेल? हायसं वाटलं. अगदी छातीवरचा दगड उतरल्यासारखं.

"अगं, हे बघ," त्या म्हणाल्या, "माझ्याही पट्टीवर दोन. किटच बिघडलंय मेलं. तुला काही झालेलं नाही. नवी किटं आली की बोलावते, तेव्हा रीतसर करू."

नियमाने म्हणायचं असतं, 'निकाल लागला नाही, परत यावं लागेल.' तेवढंच म्हणायचं असतं. पण समोरची रडायच्या बेताला आली होती, आणि बाईंच्या तोंडून 'तुला काही झालेलं नाही' हे निघून गेलं. शिलाईवालीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि मग मात्र ती रडलीच. बाईंनी तिला पाणी दिलं, हाताच्या सवयीने कार्डावर 'तपासणी झाली' असा शिक्का मारला, निकालाचा रकाना नंतर भरू म्हणून कोरा सोडला, आणि ती धावतच बस पकडायला गेली.

कामात बाई चोख. ताबडतोब त्यांनी कचेरीला फोन केला, खोक्याला कागद चिकटवून त्यावर 'सदोष' लिहिलं, खोकं कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. खात्री करायला दुसऱ्या कंपनीची किटं लागतात, ती महिन्यापूर्वीच संपली होती. कचेरीतून उत्तर आलं की पंधरा दिवसांत नवी खेप येईल, तोवर तपासणी बंद ठेवा. शिपाईकाकांनी दारावर तशी पाटी लावली. डॉक्टर, सिस्टर, शिपाईकाका, तिघांच्याही अंगात रक्त होतं. एकाचं बोट टोचलं असतं तरी खरंखोटं तिथल्या तिथे झालं असतं. पण कुणाला सुचलंच नाही. दिवस उगवला नाही असं वाटलं तर माणूस घड्याळाला दोष देतो, सूर्याला देत नाही. बाईंचं रक्त हा तिथला सूर्य होता.

सुचलं ते बाईंनाच, आणि तेही गुरुवारी, हात धुताना. नळ चालू राहिला आणि बाई पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी शिपाईकाकांना बोलावलं.

"काका, बोट द्या जरा. साखर बघते तुमची."

"आज एकदम माझी आठवण?" काका खूश होऊन म्हणाले. "बघा बघा, बायको रोज म्हणते गोड कमी खा."

नऊ वर्षांत बाईंनी सही घेतल्याशिवाय, समजावून सांगितल्याशिवाय कुणाचा थेंब घेतला नव्हता. तो पहिला. काकांना चहाला पिटाळून त्यांनी दार लावलं, आपलंही बोट टोचलं आणि घड्याळ समोर ठेवून बसल्या. काकांची एक रेघ. बाईंच्या दोन. किट शुद्धीवर होतं. पहिल्या दिवसापासून शुद्धीवर होतं. बाईंनी दोन्ही पट्ट्या जाळायच्या डब्यात टाकल्या, आणि घरी जाताना लांबच्या चौकातल्या खाजगी लॅबमध्ये खोटं नाव सांगून पुन्हा रक्त दिलं. तासाभराने हातात आलेल्या कागदावर तेच लिहिलेलं होतं. 'साखर चांगली आहे म्हणाल्या बाई,' असं काका मात्र त्या संध्याकाळी घरी सांगणार होते.

बाईंचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. गावोगावच्या दुकानांचे, गोदामांचे काटे सरळ करत फिरायचा, दोन-दोन महिने बाहेर असायचा. त्या संध्याकाळी घरीच होता, जेवणाच्या टेबलावर एक काटा उघडून बसला होता. आतल्या खोलीत सासूबाई रेडिओ ऐकत होत्या. बाईंनी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्या सांगितलं.

नवऱ्याने हातातला स्क्रू काळजीपूर्वक बशीत ठेवला. "सुई लागली असेल तुला," तो म्हणाला. "तुझं कामच ते. किती वेळा सांगितलं, सोड ही नोकरी."

"सुई दोनदा लागली. एकदा सात वर्षांपूर्वी, एकदा तीन. दोन्ही वेळा महिनाभर गोळ्या खाल्ल्या. त्यानंतर रोज सकाळी एक रेघ. गेल्या शनिवारपर्यंत एक. वहीत आहे."

"वही म्हणजे काय देवाचा शब्द?"

"तुम्ही गोदामांच्या कामावरून आलात त्याला सात आठवडे झाले. रक्तात दिसायला साधारण एवढाच वेळ लागतो. हे मी लोकांना रोज समजावते, अहो. तुम्हाला नाही समजावणार."

जगात किती बायकांना अशी तारीख लावता येते? बहुतेकींना वर्ष कळत नाही, महिना कळत नाही, वर बोल मात्र त्यांनाच लागतो. बाईंकडे अडीच हजार दिवसांचा पुरावा होता, स्वतःच्या बोटातून काढलेला, स्वतःच्या अक्षरात. त्याचं करायचं काय, हे तेवढं माहीत नव्हतं. नवऱ्याने स्क्रू बशीतून उचलून पुन्हा काट्यात बसवला. कोण, कुठे, कधी, की 'चुकलं', यातलं काही नाही. शेवटी म्हणाला, "आईला सांगू नकोस."

बाईंना वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यात तो काटा घालावा. प्रत्यक्षात त्या आत गेल्या आणि सासूबाईंना त्यांची रात्रीची गोळी देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रात सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लोक वाळीत टाकतील, नोकरी जाईल, अशी भीती होती का? होतीच, पण ती नंतरची. पहिली भीती वेगळी होती. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतील, सिस्टर खांद्यावर हात ठेवतील, आणि दोघंही मऊ आवाजात म्हणतील, 'आजार कुणालाही होऊ शकतो.' तो आवाज बाईंचाच होता. त्यांनीच तो सगळ्यांना शिकवला होता. तो आपल्या अंगावर येणार, ह्या कल्पनेनेच त्या डॉक्टरांच्या दारावरून माघारी फिरायच्या. इतकी वर्षं तो आवाज ऐकून समोरची माणसं मान खाली का घालायची, हे त्यांना आता कळत होतं.

आणि ती शिलाईवाली? विसरल्या नव्हत्या. रोज हिशेब करायच्या. आठवा आत्ताच लागलाय, म्हणजे महिन्याहून जास्त आहे. नवी खेप पंधरा दिवसांत येईल. आली की पहिलं तिलाच बोलवायचं, नव्या पट्टीवर दोन रेघा आल्या की लगेच गोळ्या सुरू, बाळ जन्मलं की बाळाला औषध. वेळ आहे, भरपूर वेळ आहे. कपाटातलं खोकं चांगलं आहे एवढंच सांगितलं असतं तरी ती त्याच दिवशी आली असती. पण खोकं चांगलं म्हणजे बाईंचं रक्त वाईट, हे केंद्रातल्या शिपायालाही समजलं असतं. तिला दुसऱ्या केंद्रावर पाठवता आलं असतं, पण सिस्टरनी 'एकटीलाच का?' म्हणून विचारलं असतं. अशा 'पण'ला तोटा नसतो. मधे कचेरीचा फोन आला की खेपेला आणखी आठवडा लागेल. बाईंनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात एक आठवडा वजा केला. तरीही वेळ उरत होता.

मंगळवारी दुपारी सिस्टर घरभेटींहून आल्या, पिशवी टेबलावर टाकली आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "ती पिशव्या शिवणारी आठवते का हो? बाळंत झाली की. मुलगा. सहा दिवस झाले."

बाईंनी समोरची वही मिटली.

"दिवस भरायच्या आधीच. चणीने लहान आहे, पण बाळ छान आहे, ठणठणीत. प्रसूतिगृहात विचारलं म्हणे, तपासणी झाली का? हिने कार्ड दाखवलं. शिक्का होताच. मग कशाला कोण टोचतंय? तुमचं किती नाव काढत होती."

बाई तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. खुर्चीमागे डॉक्टरांनी हौसेने रंगवून घेतलेली पाटी होती: लपवू नका, तपासा. बाईंनी तिच्याकडे न बघता चार वाक्यांत सगळं सांगितलं. ज्या मऊ आवाजाला त्या बारा दिवस भीत होत्या, तो आलाच नाही.

"हे कुठे लेखी दिलंय का तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"कर्मचाऱ्याचं रक्त कंट्रोलला वापरायचं, असं मी कधी लेखी सांगितलं नव्हतं, बरं का. वर कळलं तर माझ्यावर शेकेल. नऊ वर्षं तुम्ही..." ते थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले असावेत. मग कपाट उघडून त्यांनी बाळाच्या औषधाची बाटली काढली. "जन्मल्या जन्मल्या द्यायला हवं होतं. निदान पहिल्या तीन दिवसांत. आता तरी द्या. सिस्टरना घेऊन जा."

'सदोष' लिहिलेला कागद बाईंनी खोक्यावरून ओढून काढला आणि दोन पट्ट्या पर्समध्ये टाकल्या. रिक्षात सिस्टर तीनदा म्हणाल्या, "झालंय काय, सांगाल का?" बाई म्हणाल्या, "तिथेच कळेल."

एकच खोली होती. शिलाईचं मशीन, छतापर्यंत रचलेल्या न शिवलेल्या पिशव्या, कडेला खाट आणि खाटेवर ती, कुशीत बाळ. बाईंना दारात बघून ती उठूनच बसली.

"बाई, तुम्ही आलात! बघा ना, कसा झालाय. खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही तसं म्हणाला नसता ना, तर मी भीतीनेच मेले असते. शेवटचे दिवस सुखाने झोपले ते तुमच्या एका शब्दावर."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "तो शब्द चुकीचा होता गं. किट बिघडलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तुझी तपासणी बरोबर होती. पुन्हा करावी लागेल, पण बरोबर असणार. तुला गोळ्या सुरू करायला हव्यात, आणि ह्याला औषध. आजच."

ती हसली, थट्टा चालली असावी तशी. मग हसायची थांबली. "आता कशाला घाबरवता, बाई? मी डोळ्यांनी बघितलं होतं. तुमच्याही पट्टीवर दोन होत्या."

बाईंनी सांगून बघितलं, सिस्टरनी मधे बोलून बघितलं. ती एकच धरून बसली, बाईंच्याही दोन होत्या, म्हणजे किटच वाईट. बाईंनीच शिकवलेलं गणित, आणि ते तिला पक्कं पाठ झालेलं. शेवटी बाई उठल्या. मशीनची फळी पुसली, तिच्यावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, नवी सुई काढून तिचं बोट टोचलं. मग दुसरी सुई काढली आणि आपलं टोचलं. रोजचंच बोट, रोजचीच जागा. मग सिस्टरकडे वळल्या.

"तिसरी पट्टी आणलेली नाही. पण शिपाईकाकांचं मी बघितलंय ह्याच खोक्यातून. एक रेघ आली."

सिस्टर बाईंकडे बघतच राहिल्या. त्यांना कळत चाललं होतं. बरणीची थट्टा करणाऱ्या सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ काढून पट्ट्यांपाशी ठेवलं.

वीस मिनिटं थांबायचं होतं. मधे बाळ उठलं, तिने त्याला पदराखाली घेतलं, आणि ते चुटुचुटु पिऊ लागलं. दुधातूनही आजार बाळाला जाऊ शकतो. सिस्टरनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

फळीवर चार रेघा उठल्या. शिलाईवाली कधी पट्ट्यांकडे बघे, कधी बाईंकडे. तिला आकडेमोड येत होती. रोज शेकडो पिशव्या मोजून देणारी बाई ती. बाळाला तिने घट्ट धरलं. आणि मग, बाईंनी कल्पनाही केली नव्हती असं तिने केलं. मोकळा हात पुढे करून बाईंच्या हातावर ठेवला.

"म्हणजे तुम्हालाही?" ती हळूच म्हणाली.

"हो."

"अगं बाई." तिचे डोळे भरून आले. स्वतःसाठी की बाईंसाठी, कुणास ठाऊक. "त्या दिवशी तुम्हालाही माहीत नव्हतं तर. आपण दोघीही वेड्यासारख्या निर्धास्त झालो."

"नव्हतं माहीत."

"मग कधी कळलं तुम्हाला?"

'काल' म्हटलं असतं तर संपलं असतं. 'आज सकाळी' म्हटलं असतं तर तो हात हातावर राहिला असता. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. बारा दिवसांत इतकं खोटं झालं होतं की त्यांना आणखी एक उचलवेना.

"बारा दिवस झाले," त्या म्हणाल्या.

तिने बोटांच्या पेरांवर मोजलं, अंगठा एकेका पेरावर टेकवत, ओठ हलवत. सहापाशी थांबून बाळाकडे पाहिलं, मग पुढचे सहा मोजले. तिने हात काढून घेतला.

"हा सहा दिवसांचा आहे," ती म्हणाली.

"हो."

"सिस्टर, औषध कसं द्यायचं ते तुम्ही दाखवा मला. ह्यांना बाहेर बसू द्या."

बाई बाहेर पायरीवर येऊन बसल्या. आतून बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. किती थेंब, किती वेळा, सहा आठवड्यांनी बाळाची तपासणी, तोवर काहीच सांगता येणार नाही, असं सिस्टर समजावत होत्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. बाईंनीच शिकवलेला.

"बाईंना आत येऊ दे गं. त्यांचा हात लागला म्हणून काही होत नाही. आजार काय, कुणालाही होऊ शकतो."

"आजाराबद्दल मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली.

बाई बोटावरचा कापूस दाबून धरत पायरीवर बसून राहिल्या.